आकाशात तोच ठिपका पुन्हा पुन्हा: लेन्स न निघणाऱ्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यातली धूळ

निळ्या आकाशात किंवा पांढऱ्या भिंतीवर एक करडा, कडा विरलेला ठिपका दिसतो. लेन्स पुसली तरी पुढच्या फोटोत तो त्याच जागी असतो. संध्याकाळी घरात काढलेल्या फोटोंत त्याचा मागमूस नसतो, आणि दुसऱ्या दिवशी भर उन्हात तो परत येतो. रिको जीआर, फुजीफिल्म एक्स१००, सोनी आरएक्स१ आणि आरएक्स१०० अशा कॅमेऱ्यांची लेन्स निघत नाही, त्यामुळे आत धूळ जाणार नाही असं वाटतं. प्रत्यक्षात धूळ जाते. ती साफ करायला वाट मात्र नसते, कारण सेन्सरपर्यंत (चित्र टिपणाऱ्या चिपपर्यंत) आपला हात पोहोचत नाही. म्हणून कॅमेरा उघडायचा किंवा दुरुस्तीला टाकायचा विचार करण्याआधी ठिपका कशाचा आहे, कुठे आहे आणि कोणत्या अ‍ॅपर्चरला दिसतो हे पक्कं करा. बहुतेक वेळा पुढचा निर्णय या तीन उत्तरांवरच ठरतो. (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं भोक. त्याचा एफ-क्रमांक जितका मोठा, तितकं भोक लहान.)

ठिपका नक्की कशाचा?

सगळे ठिपके सेन्सरवरच्या धुळीचे नसतात. लेन्सच्या पुढच्या काचेवरचा कण फोटोत ठिपका म्हणून जवळजवळ कधीच उमटत नाही, कारण तो फोकसच्या फार बाहेर असतो. सूर्य किंवा दिवा समोर असला की तिथे धुरकट चमक येते, एवढंच. त्यामुळे काच घासून घासून पुसण्याने हा ठिपका जाणार नाही. उलट काचेवरचं कोटिंग खराब होण्याची भीती आहे.

ठिपका एकाच पिक्सेलएवढा, टोकदार आणि लाल, हिरवा, निळा किंवा पांढरा असेल तर तो हॉट पिक्सेल. अ‍ॅपर्चर बदलल्याने त्याला फरक पडत नाही. शटर जास्त वेळ उघडा ठेवला किंवा कॅमेरा तापला की असे पिक्सेल वाढतात. त्यावर मेनूतलं पिक्सेल मॅपिंग (बिघडलेले पिक्सेल शोधून झाकणारी सोय) चालवायचं, साफसफाईचा इथे संबंध नाही.

फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत पांढरट गोल वर्तुळं तरंगताना दिसली आणि प्रत्येक फोटोत त्यांची जागा बदलत असेल, तर ती हवेतली धूळ किंवा पावसाचे थेंब आहेत. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश लेन्सला अगदी खेटून असतो, म्हणून लेन्ससमोरचे कण उजळून निघतात. फ्लॅश बंद केला की वर्तुळंही जातात.

रात्रीच्या दिव्यांच्या धूसर गोळ्यांमध्ये बारीक टिकल्या किंवा धागे दिसत असतील तर धूळ लेन्सच्या काचांवर किंवा त्यांच्या मध्ये आहे. चार-दोन कणांनी चित्राची गुणवत्ता ढळत नाही. त्याकडे सरळ दुर्लक्ष करा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या फांद्या पसरलेल्या दिसल्या आणि सगळ्याच फोटोंचा कॉन्ट्रास्ट उतरलेला असेल, तर मात्र ती बुरशी आहे. ती वाढत जाते, म्हणून कॅमेरा लवकर दुरुस्तीला द्या.

उरला तो करडा, मऊ कडांचा, प्रत्येक फोटोत त्याच जागी येणारा आणि अ‍ॅपर्चर लहान केल्यावर गडद होणारा ठिपका. ही सेन्सरसमोरच्या काचेवरची धूळ. वाकडी रेघ असेल तर कापडाचा तंतू. अगदी गोल, मधे उजळ आणि भोवती गडद कडं असेल तर बहुधा वंगणाचा शिंतोडा. हा शेवटचा प्रकार कंपनाने किंवा हवेने निघत नाही.

तपासणीचा फोटो

संगणकाच्या पडद्यावर कोरं पांढरं पान पूर्ण आकारात उघडा. कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (अ‍ॅपर्चर आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो), आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) सर्वात कमी, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करण्याची सोय) +१, स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) बंद, एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी कॅमेऱ्यातली काच) बंद. फोकस मॅन्युअल करून अनंतावर ठेवा आणि लेन्स पडद्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर धरा, म्हणजे पडद्याचे पिक्सेल पूर्ण धूसर होतील. अ‍ॅपर्चर एफ/१६, किंवा कॅमेऱ्यात जे सर्वात लहान असेल ते. शटर साधारण पाव ते एक सेकंद उघडा राहील. त्या वेळात कॅमेरा मुद्दाम हळूहळू गोल फिरवा. पडद्यावरचा प्रत्येक डाग त्याने पुसट होईल. तरीही जे जागच्या जागी राहील ते कॅमेऱ्याच्या आतलं.

असेच आणखी दोन फोटो एफ/८ आणि एफ/२.८ ला काढा. एनडी फिल्टर असलेल्या कॅमेऱ्यात चौथा फोटो एफ/१६ ला, एनडी चालू करून. एखादा ठिपका फक्त या चौथ्या फोटोत आला तर धूळ सेन्सरवर नाही, त्या फिल्टरवर आहे. मग फिल्टर बंद ठेवला की काम झालं. ही तपासणी बरेच जण विसरतात आणि भलत्याच गोष्टीच्या मागे लागतात.

अ‍ॅपर्चर हाताने बदलता येत नसेल तर स्वच्छ आकाशाचा फोटो भर दिवसा काढा, सूर्य चौकटीबाहेर ठेवून, आणि फोटोच्या माहितीत एफ-क्रमांक वाचा. काही छोट्या कॅमेऱ्यांत उजेड वाढल्यावर अ‍ॅपर्चर लहान होत नाही, एनडी फिल्टर आत सरकतो. तिथे ठिपका दिसला नाही म्हणून धूळ नाही असं म्हणता येत नाही. झूम असेल तर लांबच्या टोकालाही एक फोटो काढा.

नुसत्या डोळ्यांनी फिके ठिपके सुटतात. फोटो सुधारण्याच्या प्रोग्रॅमपैकी लाइटरूममध्ये हीलिंगच्या (डाग भरून काढण्याच्या) साधनात ठिपके उठावदार दाखवण्याची खूण आहे. गिंपमध्ये रंगांच्या मेनूतलं इक्वलाइझ वापरा. फोटो भयानक दिसेल, पण लपलेली सगळी धूळ वर येईल. बघून घाबरू नका: ठिपक्यांची संख्या महत्त्वाची नाही, नेहमीच्या अ‍ॅपर्चरला किती दिसतात ते महत्त्वाचं. हे फोटो तारखेसकट जपून ठेवा. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा काढले की धूळ वाढतेय, सरकतेय की तिथेच चिकटलीय ते कळतं.

ठिपका येतो-जातो तो का?

धूळ थेट पिक्सेलवर बसत नाही, सेन्सरच्या पुढच्या काचेवर बसते. या काचेपासून पिक्सेलपर्यंतचं अंतर हिशेबासाठी १ मिलिमीटर धरू. लेन्समधून येणारा प्रकाश शंकूसारखा निमुळता होत पिक्सेलवर पोहोचतो. काचेच्या पातळीवर त्या शंकूची रुंदी म्हणजे अंतर भागिले एफ-क्रमांक. एफ/२.८ ला ती ०.३६ मिमी, एफ/८ ला ०.१२५ मिमी आणि एफ/१६ ला जेमतेम ०.०६ मिमी.

आता ०.०५ मिमीचा कण घ्या. एफ/२.८ च्या शंकूतला तो सुमारे २ टक्के प्रकाश अडवतो. डोळ्याला हे कळत नाही. एफ/८ ला १६ टक्के अडतो, म्हणजे सपाट आकाशात फिकी सावली. एफ/१६ ला ६० टक्क्यांहून जास्त प्रकाश अडतो आणि ठिपका गडद, आखीव होतो. कण तोच, जागा तीच. फरक फक्त शंकूच्या रुंदीचा. घरात कमी उजेडात कॅमेरा अ‍ॅपर्चर मोठं ठेवतो आणि उन्हात लहान करतो, म्हणून धूळ आली-गेली असं वाटतं.

सेन्सर लहान असेल तर त्रास वाढतो. एपीएस-सी या मोठ्या आकाराच्या सेन्सरची रुंदी साधारण २३.५ मिमी, एक इंची म्हणवल्या जाणाऱ्याची १३.२ मिमी. तोच कण दुसऱ्याच्या चौकटीत जवळपास पावणेदोन पट रुंद दिसतो. शिवाय सेन्सरवर चित्र उलटं पडतं, म्हणून सेन्सरच्या खालच्या भागातली धूळ फोटोत वर, नेमकी आकाशात उमटते.

धूळ आत शिरते कुठून?

सरकत्या नळीची लेन्स हे मुख्य कारण. कॅमेरा चालू केला की नळी बाहेर येते, आतली पोकळी वाढते आणि फटींतून हवा आत ओढली जाते. बंद करताना ती बाहेर ढकलली जाते, पण सोबत आलेले कण काही सगळे परत जात नाहीत. लोहाराच्या भात्यासारखी ही हालचाल दिवसात अनेकदा होते. झूम लेन्समध्ये तर प्रत्येक झूमला. त्यात कॅमेरा खिशात राहतो, आणि खिशाच्या तळाशी सुती तंतूंचा गोळा कायमचा असतो.

मॉडेलनुसार फरक पडतो. २०१३ चा रिको जीआर आणि २०१५ चा जीआर टू यांत सेन्सर झटकण्याची सोय नाही. २०१९ च्या जीआर थ्रीमध्ये कंपनाने धूळ झटकणारी यंत्रणा आली. एक्स१०० मालिकेत लेन्स खिशातल्या कॅमेऱ्यासारखी आत जात नाही, तरी फोकस करताना काचांचा गट पुढे-मागे सरकतो. २०२० च्या एक्स१००व्हीला पुढे एआर-एक्स१०० रिंग आणि ४९ मिमीचा संरक्षक फिल्टर लावला तरच हवामानापासून संरक्षण मिळतं, नुसत्या कॅमेऱ्याला नाही. लायका क्यू२ ला आयपी५२ दर्जाचं (धूळ-पाण्यापासून संरक्षण देणारं) सीलिंग आहे आणि तिची लेन्स आत-बाहेर करत नाही, त्यामुळे ही तक्रार तिथे कमी.

काढायचा प्रयत्न, याच क्रमाने

आधी मेनूतली धूळ झटकण्याची सोय. कॅमेरा नेहमीसारखा उभा, तळावर टेबलावर ठेवा, म्हणजे सुटलेले कण सेन्सरवरून खाली पडतील. दोन-तीनदा चालवा आणि पुन्हा तपासणीचा फोटो काढा. सुरू होताना ती आपोआप चालण्याचा पर्याय असेल तर चालू ठेवा. कोरडा सुटा कण याने जातो. चिकट डाग आणि तेलाचा शिंतोडा जात नाही.

ती सोय नसेल किंवा उपयोग झाला नसेल तर रबरी ब्लोअर. लेन्स बाहेर आलेली, तोंड जमिनीकडे. ब्लोअरचं टोक काचेवर रोखू नका. नळीच्या कडेने, दोन ते तीन सेंटिमीटर अंतरावरून, तिरक्या दिशेने बाहेरच्या बाजूला हवा मारा. फटीत सरळ हवा मारली तर कडेची धूळ आत जाईल. त्याच स्थितीत कॅमेऱ्याच्या पाठीवर बोटांनी तीन-चार हलक्या टिचक्या मारा. जोरात आपटणं नको, नळीचे बारीक गिअर दात सोडतात. कण निघाला नाही तरी कधी कधी कोपऱ्यात सरकतो, आणि तेही पुष्कळ झालं.

डब्यातली दाबाची हवा वापरूच नका. तिच्यातून द्रव फवारला जातो, तो काचेवर गोठून डाग सोडतो, आणि जोर इतका असतो की शटरच्या पातळ पात्यांना इजा होऊ शकते.

व्हॅक्यूम क्लीनर लावायचा उपाय पुष्कळ ठिकाणी सुचवला जातो, आणि काहींचा कण त्याने खरोखर निघतो. तरी तो पहिला उपाय नाही. वॉरंटी चालू असेल तर अजिबात नको. वॉरंटी संपलेली असेल, ठिपका एफ/५.६ लाही दिसत असेल आणि दुरुस्तीचा पर्याय नसेल, तेव्हाच विचार करा. ताकद सर्वात कमी ठेवा. व्हॅक्यूमच्या नळीच्या तोंडावर बारीक विणीचं मऊ कापड ताणून बांधा आणि लेन्सभोवती हवा यायला फट राहू द्या. पूर्ण बंद केलं तर सगळा ताण लेन्सच्या नळीच्या सांध्यांवर येतो. दोन-तीन सेकंद ओढा, थांबा, तपासा. लेन्स पुढे ओढली जातेय असं वाटलं तर ताबडतोब सोडा. लक्षात ठेवा, हवा बाहेर जाते तेव्हा तिच्या जागी दुसरी हवा कॅमेऱ्याच्या इतर फटींतून आत येते आणि तीही धूळ आणते. एक ठिपका जाऊन तीन नवे येणं यात नवल नाही.

कॅमेरा स्वतः उघडणं हा वेगळाच जुगार. अंगचा फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यात कपॅसिटर सुमारे ३०० व्होल्टपर्यंत भरलेला असतो आणि बॅटरी काढल्यावरही झटका देतो. त्यातून वाचलात तरी सेन्सरची पातळी स्क्रूंनी बारकाईने बसवलेली असते. ती किंचित कलली तर फोटोची एक बाजू कायमची धूसर येते. एका ठिपक्यापायी ही किंमत फार मोठी आहे.

धूळ राहिली तरी फोटो स्वच्छ काढता येतात

यासाठी एफ/१६ सोडा. या कॅमेऱ्यांवर त्याची गरज जवळजवळ कधीच पडत नाही. जीआरची लेन्स १८.३ मिमीची आहे. एफ/८ ला फोकस २.१ मीटरवर ठेवला की साधारण १ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. स्नॅप फोकस (आधीच ठरवून ठेवलेल्या अंतरावरचा फोकस) २.५ मीटरवर असेल तर सुमारे १.१५ मीटरपासून. एफ/५.६ ला फोकस ३ मीटरवर ठेवायचा आणि स्पष्टता दीड मीटरपासून. शिवाय एपीएस-सीवर एफ/११ च्या पुढे डिफ्रॅक्शनमुळे (लहान भोकातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) बारकावे मऊ पडू लागतात, म्हणजे एफ/१६ मध्ये धुळीशिवायही तोटाच.

अडचण येते ती स्वयंचलित मोडमध्ये. कडक उन्हात प्रोग्रॅम मोड आपणहून एफ/११ किंवा एफ/१६ वर जातो. म्हणून बाहेर अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी लावून एफ/५.६ वर थांबा. पाण्याचा प्रवाह धूसर करायला शटर मंद हवा असेल तर अ‍ॅपर्चर मिटवू नका, एनडी फिल्टर वापरा. जीआरमधला २ स्टॉपचा (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) आहे, एक्स१००व्हीमधला ४ स्टॉपचा. अगदी उघड्या अ‍ॅपर्चरला उन्हात फोटो काढतानाही तो कामी येतो, कारण लीफ शटरला (लेन्सच्या आतल्या पात्यांच्या शटरला) मोठ्या अ‍ॅपर्चरला सर्वात जास्त वेग गाठता येत नाही.

आधीच काढलेल्या फोटोंसाठी एकच नकाशा बनवा. तपासणीच्या फोटोवर ठिपके हील करून घ्या आणि तीच दुरुस्ती त्या काळातल्या बाकीच्या रॉ फोटोंवर (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइल्सवर) एकदम लावा. क्रॉप आणि तिरकेपणा सरळ करणं त्यानंतर. आकाशात हे बेमालूम जमतं. पानं, केस किंवा विटांवर मात्र आंधळेपणाने लावू नका: तिथे मूळ ठिपका दिसतच नाही, पण दुरुस्तीचं ठिगळ दिसतं. रॉथेरपी या प्रोग्रॅममध्ये ५.९ आवृत्तीपासून ठिपके काढायचं साधन आहे, आणि त्याच्या फ्लॅट-फील्ड सोयीत तपासणीचा फोटो देऊन धुळीची सावली भागून काढता येते. त्यासाठी दोन्ही फोटोंचं अ‍ॅपर्चर एकच हवं, कारण ठिपक्याचा आकार त्याच्याबरोबर बदलतो.

नवी धूळ येऊ नये म्हणून

सर्वात जास्त उपयोग होतो तो बंद करण्याआधीच्या दहा सेकंदांचा. लेन्स बाहेर असताना नळीवरून कोरडा मायक्रोफायबर फिरवा, ब्लोअरचे दोन फटके मारा आणि मग बंद करा. नळीवर बसलेली धूळच आत जाताना सोबत नेली जाते. बहुतेक जण काच पुसतात आणि नळी तशीच ठेवतात.

खिसा आठवड्यातून एकदा उलटा करून झटका, आणि कॅमेऱ्याबरोबर त्यात किल्ल्या, रुमाल, सुटे कागद नकोत. आतून लव नसलेली, गुळगुळीत कापडाची पिशवी चांगली. लोकरी किंवा नमद्याची पिशवी स्वतःच तंतू सोडते. नुसते फोटो बघायचे असतील तर अनेक कॅमेरे प्लेबॅकचं बटण दाबून ठेवल्यावर लेन्स बाहेर न काढता सुरू होतात. ही सवय लावली की लेन्सच्या फेऱ्या बऱ्याच कमी होतात. वाळू उडत असेल तिथे कॅमेरा चालूच करू नका, झिपच्या पिशवीत राहू द्या. वाळूचा कण नळीत अडकला तर ठिपक्याचा प्रश्न मागे पडतो आणि लेन्सच अडते. जीआर थ्रीला जीए-१ अडॅप्टर आणि ४९ मिमीचा फिल्टर लावून सरकती नळी पूर्ण झाकता येते. मग कॅमेरा खिशात मावत नाही, म्हणून धुळीच्या जागी जातानाच लावा.

दुरुस्तीला कधी, आणि परत घेताना काय बघायचं

ठिपका एफ/५.६ किंवा त्याहून मोठ्या अ‍ॅपर्चरला दिसत असेल, चौकटीच्या मधल्या भागात असेल, किंवा दोन तपासण्यांत संख्या वाढली असेल तर द्या. फक्त एफ/११ च्या पुढे दिसत असेल तर थांबा. प्रत्येक वेळी कॅमेरा उघडताना नवी धूळ आणि पातळी बिघडण्याचा धोका असतोच. वॉरंटीची मुदत संपत आली असेल तर मात्र फिक्या ठिपक्यासाठीही आत्ताच विचारा.

सोबत एफ/१६ आणि एफ/५.६ चे न कापलेले मूळ फोटो द्या, ठिपक्याभोवती वर्तुळ काढून. आणि कॅमेरा देण्याआधी आणखी एक फोटो स्वतःजवळ ठेवा: सपाट भिंतीवर चिकटवलेला छापील कागद, ट्रायपॉडवरून, अगदी समोरून, सर्वात मोठ्या अ‍ॅपर्चरला. परत मिळाल्यावर आधी एफ/१६ चा पांढरा फोटो काढा, मग हाच कागदाचा फोटो त्याच अंतरावरून पुन्हा. चारही कोपऱ्यांतली अक्षरं जुन्या फोटोइतकीच स्पष्ट हवीत. एक कोपरा किंवा एक बाजू धूसर आली तर जोडणी करताना लेन्स किंवा सेन्सर कललेला आहे. दोन्ही फोटो शेजारी ठेवून तिथेच दाखवा आणि पातळी पुन्हा बसवून मागा.